पहिला महिना तोंड बंद

३ मार्च

लेकी,

माझी पाकिटं तू फोडतेस की तशीच ठेवून देतेस, हे कळायला मला मार्ग नाही. ती परत येत नाहीत, एवढ्यावर मी समाधान मानतो. परवा पोस्टमन म्हणाला, "आजोबा, उत्तर येत नाही तर तिकिटं कशाला वाया घालवता?" मी म्हटलं, विहिरीत खडा टाकणारा माणूस पाणी वर यावं म्हणून टाकत नाही, आवाज ऐकायला टाकतो. तो हसला आणि सायकल घेऊन गेला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाबा, साधं बोला."

साधं सांगतो. मी या वयात कामाला लागलोय, बिनपगारी. आपल्या जुन्या घराच्या मागच्या रस्त्याला एक केंद्र आहे. छोटेमोठे कोर्स करून पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींना तिथे एकेक निवृत्त माणूस जोडून देतात. त्याला मेंटॉर म्हणायचं. आठवड्यातून एकदा भेटायचं, मुलाखतीची तयारी करून घ्यायची, नोकरी लागली की दर रविवारी फोनवर चौकशी करायची आणि केंद्राला दोन ओळी लिहून द्यायच्या. केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, "फार काही करायचं नाही. त्यांचं कोणीतरी ऐकून घेतलं तरी पुष्कळ." मी म्हटलं, मला वेळच वेळ आहे.

वर्ग भरतो प्राथमिक शाळेत, शाळा सुटल्यावर. बाकं एवढी बुटकी की माझे गुडघे हनुवटीला टेकतात. पण काय सांगू तुला! खडूचा तो वास, फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी पुसायचं विसरलेलं बेरजेचं गणित, भिंतीवरची अक्षरचित्रं. पाच मिनिटं मी नुसता बसून राहिलो. चौथीतली वातीची कविता आपोआप ओठांवर आली. तीच, तुला झोपवताना म्हणायचो ती. न कुरकुरता जळणारी वात आणि तिच्या उजेडात अभ्यास करणारं घर.

मला जी मुलगी मिळाली आहे तिला सगळे टकळी म्हणतात. तोंड सुरू झालं की थांबत नाही. पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तुम्ही माझे मेंटॉर? मला वाटलं, सूटबुटातला कोणीतरी मिळेल."

"सूट आहे," मी म्हटलं, "लग्नातला. आता त्यात दोन मी मावतील."

"आणि तुम्ही शिकवणार काय?"

"बोलायला."

"ते मला येतं की!"

सगळा वर्ग हसला, मीही हसलो. मग मी ठरवलं, हिला बोलायला नको, थांबायला शिकवायचं. वातीची कविता तिच्याकडून म्हणून घेतली, श्वास कुठे घ्यायचा ते दाखवत. आगगाडीसारखी धडाधड म्हणून संपवली तिनं आणि विचारते कशी, "आजोबा, ती बिचारी जळतेय आणि घरातलं एकही माणूस तिच्याकडे बघत नाही? सगळे खुशाल अभ्यास करतायत?"

मी म्हटलं, कविता अशी वाचायची नसते.

आईबाप नाहीत तिला. मावशीनं वाढवलं. मावशी एका वसतिगृहात स्वयंपाक करते. दोघी एका खोलीत राहतात, आणि मावशीचे गुडघे पार गेलेत. टकळीचं एकच म्हणणं आहे: मला नोकरी लागू दे, मग मावशीला म्हणणार, बस आता खुर्चीत, आणि मी काय करपवते ते खा.

अशी मुलगी आहे. तुला आवडली असती.

तुझा,
बाबा


१९ एप्रिल

लेकी,

लागली! टकळीला नोकरी लागली, आणि ती मी लावून दिली. बाबा स्वतःचीच पाठ थोपटतायत असं म्हणशील, पण आज मला जरा मिरवू दे.

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना आहे. मॅडमनी तिच्यापुढे दोन जागा ठेवल्या होत्या. एक कापडाच्या दुकानात, विक्रीची. दुसरी ही. ती दुकानाकडे झुकली होती. "दिवसभर बोलायला मिळेल," म्हणाली. मीच म्हटलं, एकदा कारखाना बघून तर येऊ.

दारातून आत गेलो आणि मी तिथला राहिलोच नाही. शाईचा वास, खळीचा वास, ताज्या कापलेल्या कागदाचा तो कोरडा, किंचित गोडसर वास. आमचा छापखाना आठवला. मी वरच्या मजल्यावर प्रुफं तपासायचो आणि खाली मशीनं सुरू झाली की टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. त्या थरथरण्यावर मी चाळीस वर्षं काढली. टकळीला हे सगळं सांगत होतो. ती म्हणाली, "आजोबा, तुमचे डोळे भरलेत. खळीमुळे का?"

सुपरवायझर उंच, कानामागे पेन्सिल खोचलेला. त्यानं तिला दोनच प्रश्न विचारले. "उभं राहून काम करशील ना? दांड्या मारणार नाहीस ना?" मी शिकवल्याप्रमाणे तिनं थांबून, श्वास घेऊन, नेमकं उत्तर दिलं. "उद्यापासून ये," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर बसलो. मी तिला आमच्या छापखान्याचा नियम सांगितला. आमच्याकडे नवा माणूस आला की खिळे जुळवणारा मोठा कंपोझिटर त्याला म्हणायचा, "पहिला महिना तोंड बंद." कुठे काय चुकतंय, कोण काय करतंय, यावर नव्यानं अवाक्षर काढायचं नाही. एक महिना गप्प राहिला की तो आपला. मग त्याचं सगळे ऐकायचे. त्याआधी बोलला की आयुष्यभराचा शहाणा म्हणून नाव पडायचं.

"महिनाभर गप्प? मी मरेन, आजोबा!"

"गप्प राहून कोणी मरत नाही."

"तुम्ही मावशीला भेटला नाहीत. ती म्हणते, मी झोपेतसुद्धा भांडते."

"टिकणं महत्त्वाचं," मी म्हटलं. "हुशार पुष्कळ असतात. टिकतो तो उरतो."

तिनं बोटानं ओठांवर कुलूप लावल्याची नक्कल केली, किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाली, "सांभाळा. महिन्यानं मागेन."

दुकानातली जागा दुसऱ्या मुलीला गेली.

बाबा


८ मे

लेकी,

बरेच दिवस लिहिलं नाही. इकडे ठीक आहे. माझा खोकला बरा आहे. खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्याला रंग दिला, भडक निळा. उतरताना बुडाल्यासारखं वाटतं.

टकळीला कामावर जरा लागलं. हाताला. सरकारी रुग्णालयात आहे. मी दोनदा जाऊन आलो. तिसऱ्या मजल्यावरचा लांबच लांब वॉर्ड आहे, खिडकीला पडदा नाही, दुपारचं ऊन थेट उशीवर येतं. मी छत्री उघडून ते अडवून उभा होतो, तर नर्स ओरडली, "आजोबा, छत्री मिटा. रुग्णालय आहे, बाजार नाही." एरवी टकळी यावर पोट धरून हसली असती. ती छताकडे बघत होती.

मी बरोबर कवितांचं पुस्तक नेलं होतं. उघडलं नाही.

तिची मावशी स्टुलावर बसलेली. गुडघे दाबत होती. मला म्हणाली, "तुम्हीच ते आजोबा ना? फार सांगते तुमच्याबद्दल. सांगत होती."  मी निघालो तेव्हा जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "मला एक कळत नाही. ही पोर घरी येऊन कामावरचं एक अक्षर सांगत नव्हती. पंधरा दिवस. मी म्हटलं, सुधारली की काय! विचारलं तर म्हणायची, महिना होऊ दे, मग सांगते. कसला महिना हो?"

मी म्हटलं, नव्या नोकरीत असं होतं.

डॉक्टर तरुण आहेत, चांगले वाटले. जखम स्वच्छ आहे म्हणाले.

बाबा

ता. क. उजव्या हाताची चार बोटं. अंगठा राहिला.


२७ मे

लेकी,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन जिना चढून वर आला ते द्यायला, खाली पेटीत टाकलं नाही. इतक्या वर्षांत तुझी पहिली ओळ आणि ती ओळ ही: "बाबा, तिनं तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का?"

ना खाली सही, ना वर 'प्रिय'. मी ते कार्ड दोन दिवस उलटं ठेवलं. मग सुलटं ठेवलं. असं फक्त तूच विचारू शकतेस. त्या वर्षी तुझ्या सासरहून तू मला फोन केला होतास, तेव्हाही मी थोडं थांब म्हणालो... ते राहू दे. तू टकळीबद्दल विचारलंयस. टकळीबद्दलच सांगतो.

कामाला लागली त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे तिला फोन केला. सकाळची वेळ, बाल्कनीत ऊन आलेलं, माझ्या मांडीवर पुस्तक. मी जे बोललो ते शब्दशः लिहितो, कारण मला ते शब्दशः आठवतं.

ती म्हणाली, "आजोबा, मला पंचिंगवर लावलंय."

मी म्हटलं, "वा! पहिल्याच आठवड्यात!"

"वा नाही. ऐका ना. दोन मोठे पाट असतात, पुस्तकासारखे उघडझाप करणारे. त्यात पुठ्ठा ठेवायचा आणि हात काढायचा. पुढे एक दांडी असते. हात आत राहिला आणि दांडीला लागला की मशीन थांबतं. ती दांडी यांनी तारेनं मागे बांधून टाकलीय. सारखं सारखं मशीन थांबतं म्हणून. मला भीती वाटते हो."

"बाकीच्या काय करतात?"

"तशाच करतात. त्यांना सवय आहे. मी सुपरवायझरला सांगू का?"

लेकी, माझ्या मनात तेव्हा काय होतं सांगू? आमच्या छापखान्यात कागद कापायचा कटर चालवणारा एक जण होता. त्याची ती टोपी, तोंडातलं गाणं, एका हातानं कागदाचा गठ्ठा सरकवण्याची ती ऐट. त्याच्याही मशीनची हात वाचवणारी जाळी कायम काढून भिंतीला टेकवलेली असायची. त्याला कधी काही झालं नाही. मी त्याला बघत होतो. फोनवरच्या मुलीला नाही.

मी म्हटलं, "आपलं काय ठरलंय? पहिला महिना?"

"हो, पण हे—"

"लगेच तक्रार केलीस तर ते म्हणतील, आली आगाऊ. थोडं थांब. हात बसेल हळूहळू."

ती गप्प झाली. मला वाटलं, धीर द्यावा. म्हणून मी वातीची कविता सुरू केली. ती माझ्याबरोबर म्हणू लागली, हळू आवाजात. शेवटची ओळ तिनं म्हटली नाही. मला वाटलं, फोन तुटला.

मग मी केंद्राला लिहून दिलं: मुलगी मजेत आहे, रुळते आहे.

त्यानंतरच्या रविवारी तिनं मशीनचं काही काढलं नाही. मीही विचारलं नाही. त्याच आठवड्यात झालं ते.

आता तुला खरी गोष्ट सांगतो. ती मला रुग्णालयातून परत येताना बसमध्ये आठवली आणि मी दोन थांबे पुढे गेलो. आमच्याकडे नव्या माणसाचं पहिला महिना तोंड बंद असायचं, खरं आहे. पण त्या महिन्यात त्याला मशीनला हातही लावू द्यायचे नाहीत. केर काढायचा, शाईचे डबे पुसायचे, उभं राहून बघायचं. तोंड बंद आणि हातही बंद. म्हणून तो नियम चालायचा. त्यातला अर्धाच माझ्या लक्षात राहिला होता, कानाला गोड लागणारा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे.

बाबा


१४ जून

लेकी,

टकळीच्या भरपाईची सुनावणी झाली. कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. बाहेर लाकडी बाक, त्याचा एक पाय विटेवर टेकवलेला. पंखा फिरताना दर फेरीला एकदा कण्हतो. समोरच्या भिंतीवर पाल होती, बराच वेळ एकाच जागी. मी तिच्याकडेच बघत होतो.

आदल्या दिवशी केंद्राच्या मॅडम घरी आल्या होत्या. वाईट बाई नाही ती. चहा घेतला नाही, खुर्चीच्या टोकावर बसली. "आजोबा," म्हणाली, "तुम्ही आम्हाला लिहून दिलंय, मुलगी मजेत आहे. आता तुम्ही काही वेगळं बोललात तर केंद्र खोटं ठरतं. एक कंपनी बिथरली की दहा बिथरतात. या तुकडीत वीस मुलं आहेत. त्यांना दारात कोण उभं करेल?"

"आणि हिचं काय?"

"हिच्यासाठी मी मालकांशी बोलतेय ना. काहीतरी देतील ते. तुम्ही भांडण वाढवू नका, एवढंच."

मी म्हटलं, बघतो.

कंपनीचं म्हणणं असं की दांडी जागेवर होती, अपघातानंतर कोणीतरी तार गुंडाळली. मुलीचं लक्ष नव्हतं. त्यांचा माणूस हसत हसत म्हणाला, "साहेब, हिचं टोपणनावच टकळी आहे. तुम्हीच काय ते समजा. बोलण्याच्या नादात हात राहिला आत."

टकळी उठून उभी राहिली. "मी बोलत नव्हते," म्हणाली. "मी कोणाशीच बोलत नव्हते. विचारा कोणालाही."

तिच्या शेजारच्या मशीनवरच्या दोघी आल्या होत्या. मान खाली घालून एक म्हणाली, दांडी जागेवर असते. दुसरीनंही तेच सांगितलं. त्यांनाही घरं आहेत.

अधिकाऱ्यानं टकळीला विचारलं, "दांडी बांधलेली होती हे तू अपघाताच्या आधी कोणाला सांगितलं होतंस?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. डाव्या हाताचं.

माझी साक्ष दोन मिनिटांत आटोपली. अधिकारी मोठ्या सौजन्यानं बोलला, बसूनच सांगा म्हणाला. मॅडम माझ्या मागे होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "साहेब, वय झालंय. असं काही बोलणं झाल्याचं नीट आठवत नाही."

टकळीला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मावशीला वाटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मी दुसऱ्याच भाषेत बोललो.

कविता मात्र मला सगळ्या पाठ आहेत.

बाबा


५ जुलै

लेकी,

काल आणि आज काय झालं ते लिहितो. मधे काही गाळत नाही.

काल संध्याकाळी दार वाजलं. टकळी होती, एकटी. माझ्या घरी ती पहिल्यांदाच आली. उजवा हात रुमालात गुंडाळलेला. आल्या आल्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं डाव्या हातानं बाजूला केली, बसली आणि म्हणाली, "आजोबा, मला डाव्या हातानं सही शिकवा."

"कशाला?"

तिनं पिशवीतून कागद काढला. तडजोडीचा. दांडी जागेवर होती, अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे घडला, कंपनी माणुसकीच्या नात्यानं मदत देत आहे, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सवयीनं मी चष्मा पुसून तो प्रुफासारखा वाचला. एकही चूक नव्हती. इतका शुद्ध आणि इतका खोटा मजकूर मी उभ्या नोकरीत वाचला नव्हता.

"कंपनीचा माणूस म्हणाला, अंगठा राहिलाय ना, तो लाव, झालं," टकळी म्हणाली. "मावशी त्याच्या अंगावर धावून गेली. म्हणाली, अंगठाबहाद्दर करायला नव्हतं शिकवलं पोरीला. म्हणून सही."

"सही करू नकोस. उद्या सकाळी मी जाऊन सगळं सांगतो."

"म्हणजे आठवलं?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

"आठवत होतं," मी म्हटलं. "तेव्हाही."

ती बराच वेळ रुमालाच्या गाठीशी खेळत राहिली. "ते मला कळलं होतं," म्हणाली. "मला बोलायचं होतं तेव्हा तुम्ही गप्प बसा म्हणालात. तुम्ही बोलायचं होतं तेव्हा तुम्हीच गप्प बसलात. आता राहू दे ना, आजोबा. मला भांडायचं नाहीये. वसतिगृहानं मावशीला काढलंय, गुडघ्यांमुळे. तुम्ही सही शिकवा."

मी शिकवली. रेघांची वही काढली, कागद उजवीकडे कलता ठेवला, तिचं डावं मनगट धरलं. पहिलीतल्या पोराची असते तशी अक्षरं आली, काही पालथी, काही ओळीबाहेर पडलेली. तिच्या कपाळावर घाम आला. एकदा चिडून पेन्सिल फेकली, मी ती पलंगाखालून काढून दिली. शेवटी एक सही जमली. "वाकडी आहे," ती म्हणाली.

"पहिल्यांदा सगळ्यांची वाकडीच येते," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला माझीच किळस आली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कसं तयार उत्तर असतं!

तिनं माझ्यासमोर कागदावर सही केली. कार्यालयात तो आज सकाळी द्यायचा होता.

आज मी कार्यालय उघडायच्या आत जिन्यावर जाऊन बसलो. अधिकारी आला तेव्हा त्याच्या मागोमाग आत गेलो. प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "साहेब, मी खोटं बोललो. दांडी बांधलीय हे तिनं मला आधी सांगितलं होतं. सुपरवायझरला सांगू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हणालो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं कारकुनाला बोलावून ते लिहून घेतलं. मी सही केली. "आजोबा," तो म्हणाला, "हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर त्याच दिवशी निकाल लागला असता. आता कंपनीचा वकील तुम्हाला विचारणार, तेव्हा खोटं की आता खोटं? वर्ष जाईल, दोन जातील. आणि तिनं तो कागद दिला तर हे सगळं फायलीत जाईल."

"नाही दिला तर?"

"तर लढता येईल. जिंकेलच असं मी सांगू शकत नाही."

तेवढ्यात टकळी आणि मावशी आल्या. मावशी एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली होती, धापा टाकत होती. मला तिथे बघून तिनं तोंड फिरवलं. अधिकाऱ्यानं टकळीला सगळं समजावून सांगितलं. बरंच हळू, बरंच नीट. मी तसं कधीच सांगितलं नसतं. शेवटी म्हणाला, "कागद द्यायचा की नाही, हे तू ठरव. घाई नाही."

"वर्ष?" मावशी म्हणाली. "घरमालक वर्षभर थांबणार आहे का? आणि यांच्या भरवशावर? उद्या पुन्हा विसरले तर?"

टकळीनं पिशवीतून कागद काढला. तिनं माझ्याकडे पाहिलं. लेकी, एवढं सगळं होऊनही पोरीनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय म्हणता, आजोबा?"

"देऊ नकोस," मी म्हटलं. "मी येईन. जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा येईन."

तिनं मान हलवली, नीट ऐकून घेतल्यासारखी. मग कागद टेबलावर ठेवला आणि डाव्या हातानं अधिकाऱ्याकडे सरकवला. त्यानं तो लगेच उचलला नाही. एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. मग शिक्का मारला. मावशी भिंतीला टेकून रडायला लागली. सुटल्याचं रडणं होतं की दुसरं कसलं, मला सांगता येणार नाही.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "बस थांब्यापर्यंत येतो. पिशवी दे माझ्याकडे."

टकळी दोन पायऱ्या खाली होती. वळली. तिचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता, फक्त हळू.

"नको, आजोबा. मला अजूनही तुमचं ऐकावंसं वाटतं. म्हणून नको."

मावशीच्या काखेत हात घालून ती एकेक पायरी उतरत गेली. मी जिन्यावरच थांबलो.

बाबा